चौकटीला हात कोणाचा

रामाकोना, २० जानेवारी २०२५

बाई,

काल सकाळी मी राखेनं घर काढलं. चुलीतली राख टोपल्यात भरली, सुतळी आणि खुंट्या घेतल्या, आणि शेताच्या रस्त्याकडच्या त्या पडीक तुकड्यावर, जिथं कधी संत्र्याचं झाड लागलं नाही, तिथं भिंती आखल्या. समोर बैठकीची खोली, मागं स्वयंपाकघर, बाजूला एक लहान खोली. पंचफुला चहा घेऊन आली तेव्हा मी बैठकीत उभा होतो. चहा घ्यायला पुढं झालो तर ती ओरडली, "अहो, भिंतीतून काहून येता? दरवाजा तिकडं हाये!" मी मुकाट्यानं वळसा घातला आणि दरवाज्यातून बाहेर आलो. मग ती दरवाज्यातून आत गेली, स्वयंपाकघरात बसून पाहिलं आणि म्हणाली, "इथं मी बसू का परात ठेवू?" मी भिंत वीतभर सरकवली. राखेची भिंत सरकवायला काही लागत नाही. पुढं लागेल.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून लिहून राहिलो. उचलतात भाऊजी. "हॅलो" म्हणतात, मागून तुझा आवाज येतो, "कोन हाये?" आणि भाऊजी "राँग नंबर" म्हणून ठेवून देतात. त्या भल्या माणसाला माझ्यापायी खोटं बोलावं लागतं. पत्राचं तसं नाही. फाडायचं असलं तरी आधी उघडावं लागतं.

गावातल्या घराची मागची भिंत बसली, हे तुला कळलंच असेल. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. तेव्हापासून आम्ही शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये आहोत, संत्र्याच्या क्रेटांच्या शेजारी. थंडी निघाली. उन्हाळा या टिनाखाली निघणार नाही. म्हणून घर बांधायचं ठरवलं.

राखेच्या दरवाज्यातून बाहेर येताना तुझी आठवण झाली. आपल्या घरात चौकट उभी करायची तर हळदीच्या फडक्यात नारळ घालून तो वर बांधायचा मान घरधन्याच्या बहिणीचा. बाबांच्या घराला आत्यानं बांधला. काकांच्या घराला आत्या गुडघ्यामुळं चढू शकली नाही, तरी तिला खुर्चीवर उभी केली होती, दोघांनी धरून. चौकट बसल्याशिवाय मिस्त्री भिंतीला हात लावत नाही.

तू येशील का, एवढंच विचारायचं आहे. माझ्या प्रणालीनं तुझ्या वैभवशी लग्नाला नाही म्हटल्यापासून तू या बाजूच्या गाडीत बसलेली नाहीस. राखीही आली नाही. मी त्याबद्दल काही लिहीत नाही. घराबद्दल लिहितो.

तुझा,
गुणवंता

१८ फेब्रुवारी २०२५

बाई,

तुझं उत्तर नाही. मृग बहाराची संत्री विकली, भाव बरा मिळाला. पहिल्या तोडीची दोन पेट्या संत्री तुझ्यासाठी पांढुर्ण्याच्या गाडीवर ठेवून दिली होती. पेट्या परत आल्या नाहीत, म्हणजे खाल्ली असं समजतो.

आता हिशेब सांगतो. तू घरात नेहमी हिशेबाची पक्की होतीस. आईच्या बाजाराच्या पिशवीत परत आलेले सुटे पैसे तू पाहिल्याशिवाय कोणी मोजले म्हणत नसे.

दोन रस्ते आहेत. एक आपला नेहमीचा, विटा-सिमेंटचा. लोधीखेड्याच्या विनायक मिस्त्रीनं जागा पाहिली, पायानं माती उकरली आणि तोंड वाकडं केलं. "भाऊ, काळी माती हाये. पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. मुरूम लागेपर्यंत खाली जा लागन. घर वर दिसन, पैसा खाली जाईन." त्यानं सांगितलं अकरा लाखांच्या आसपास. माझ्याकडं माल विकून आणि जुनं मिळून साडेसात होतात.

दुसरा रस्ता नागपूरहून आला. प्रफुल्ल नावाचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, मोबाईलवर घरांचे फोटो. कारखान्यात भिंती तयार होतात, ट्रकमधून येतात, इथं फक्त जोडायच्या. भिंत हलकी, म्हणून काळ्या मातीतही एवढा खोल पाया लागत नाही. सव्वाआठ लाख, आणि महिन्याभरात राहायला जा. पंचफुलानं त्याला विचारलं, "अन् दरवाजा?" तो म्हणाला, "दरवाजा भिंतीतच बसवून येतो, काकू. चौकट, कडी, कुलूप, सगळं."

तो गेल्यावर पंचफुला म्हणाली, "मंग तर चौकटीचा तंटाच नाई. कोनाले बोलवाचं नाई, कोनाच्या पाया पडाचं नाई."

रागानं नाही म्हणाली. तिला माझी दया आली होती. माझा फोन "राँग नंबर" होताना तिनं किती वेळा ऐकलाय.

दोन-तीन दिवस मी आकडे मांडत राहिलो. हिशेबानं पाहिलं तर प्रफुल्लचंच घर घ्यायला पाहिजे होतं. खोटं कशाला लिहू. शेवटी पंचफुलाला सांगितलं की त्यांचा ट्रक आणि क्रेन आत यायला धुऱ्यावरची, बांधालगतची आठ झाडं तोडावी लागतील, फळ देणारी. हे खरंच आहे. ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली आणि म्हणाली, "बरं. झाडांसाठी, ना?"

तर विटांचं घर. पैसे पुरवायला मी काय काय कापलं ते सांगतो. बाहेरचं प्लास्टर नाही, विटा उघड्या राहतील. टाइल्स नाहीत, सिमेंटचा कोबा. वर जायचा जिना नाही, शिडी लावू. ओटा कडप्प्याचा. तरी कमी पडतात. विनायकनं सुचवलं की बाजूची लहान खोली कापा, लाखभर तिथंच वाचतात. ती नाही कापली. पुढच्या पायऱ्या ठेंगण्या करायला सांगितल्या, तुझ्या गुडघ्याला जमतील अशा. त्याला एक पायरी जास्त लागते.

गुणवंता

१७ मार्च २०२५

बाई,

शेतात घर बांधायची परवानगी काढायला गेल्या आठवड्यात पांढुर्ण्याला आलो होतो. आता जिल्हाच तुझ्या गावाचा झाला. आधी कामाला छिंदवाड्याला जावं लागायचं, तेव्हा तुझं घर वाटेत नव्हतं म्हणायची सोय होती. साहेब जेवायला गेले होते, तेवढ्यात तुझ्या गल्लीपर्यंत आलो. गच्चीवर तुझी हिरवी साडी वाळत होती, आणि भाऊजी पायरीवर बसून पेपर वाचत होते. त्यांनी मला पाहिलं. पेपर थोडा वर केला. मी परत फिरलो. त्यांना विचारू नकोस.

पाया खोदून झाला. विनायक म्हणाला तसंच झालं, पैसा खाली गेला. मुरूम लागेपर्यंत मजूर माझ्या छातीएवढे खाली उतरले. पायासाठी धरलेला आकडा खड्ड्यातच ओलांडला. प्रणाली सुटीत आली होती. नागपूरच्या दवाखान्यात तिची नोकरी आता पक्की झाली. ती खड्ड्याच्या काठावर उभी राहून सगळं पाहत होती. रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं मोबाईलवर तिचे जमलेले पैसे दाखवले आणि म्हणाली, "बाबा, हे घ्या. गाडी मी पुढच्या वर्षी घेईन, आता बसनंच जाते." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "काहून? मी या घरात राहणार नाई का कधी?" मग घेतले. गावात कोणी म्हणतं पोरीच्या पैशाचं घर. म्हणू दे. आहेच.

वृषाली सौंसरहून आली होती. काकांची पोरगी असली तरी तिचा तुझ्यावर जास्त जीव, म्हणून तू तिच्याजवळ निरोप दिलास. तिनं तो जसाच्या तसा सांगितला: तू चौकटीला येशील, पण आधी प्रणालीनं पांढुर्ण्याला यावं आणि तुझ्या सासरच्या माणसांसमोर तुझ्या पाया पडून चुकलं म्हणावं.

निरोप आला याचंच मला आधी बरं वाटलं. मग बसून विचार केला.

बाई, तुझं दुखणं मला कळतं. तू साऱ्या गल्लीत सांगून ठेवलं होतंस की भावाची पोरगी सून म्हणून आणते. मी हो म्हटलं नव्हतं, तू धरून चाललीस. बहिणीनं भावाचं धरून चालायचं नाही तर कोणाचं? त्या घरात तू आल्यापासून माहेरच्या जोरावर मान वर करून राहिलीस. आणि त्याच माहेरानं नाही म्हटलं. तुझ्या नणंदा काय काय बोलल्या असतील ते मी इथं बसून ऐकू शकतो. तू प्रणालीसाठी घेऊन ठेवलेला शालू पुढं वैभवच्या लग्नात पूनमला नेसवलास, तेव्हा तुझ्या हाताला काय वाटलं असेल, तेही.

पण पोरगी चुकली नाही. तिला शिकायचं होतं, आणि वैभवला ती लहानपणापासून भाऊ मानत आली. तिनं ते तोंडावर, नीट, खाली मान घालून सांगितलं होतं. तुझ्या पाया ती पडेलच. लहान आहे, येता-जाता पडते. चुकलं असं ती म्हणणार नाही. मी म्हणू देणार नाही.

 

गुणवंता

१३ एप्रिल २०२५

बाई,

काल हनुमान जयंती होती. जाम सांवलीच्या मारुतीला जाऊन आलो. गर्दीत तासन् तास उभा होतो. दर शनिवारी जातो, पण मागायचं काही नसतं, नुसता बसतो. काल मागायला गेलो होतो, आणि समोर आल्यावर काय मागायचं तेच कळेना. बहीण येऊ दे म्हणायचं की पोरीचा मान राहू दे म्हणायचं? दोन्ही मागितली तर लबाडी वाटली. नारळ ठेवला आणि परत आलो.

जोतं बांधून झालं. काम थांबलं आहे. चौकट आली आहे, सागाची, सौंसरच्या सुताराकडून. सगळ्या घरात तेवढीच एक वस्तू आहे जिच्यात मी पैसा कापला नाही. ती शेडमध्ये भिंतीला टेकून उभी आहे आणि आम्ही तिच्या शेजारी झोपतो. सिमेंटच्या थैल्या वापराविना दगड होत चालल्या. विनायक रोज येतो, जोत्यावर बसतो, खर्रा खातो आणि विचारतो, "मंग भाऊ, बहीन लंडनले राह्यते का?" मी सांगतो, पांढुर्ण्याला. "मंग तं विमानानं या लागन," असं म्हणून निघून जातो. दुसरीकडं त्याचं काम चालू आहे, माझ्यासाठी तो किती थांबेल? एक-एक आठवडा वाट पाहायलाही पैसे पडतात, आणि मिरगाच्या आत स्लॅब पडला नाही तर पावसाळाही याच शेडमध्ये.

वृषाली म्हणाली, "मीबी बहीनच आहो ना. मी बांधते." मनानं फार चांगली आहे. मी तिला नाही म्हटलं. तू जिवंत असताना दुसऱ्या कोणी बहीण म्हणून तिथं उभं राहावं, हे मला झेपलं नाही.

वैभव येऊन गेला. तू पाठवलं नव्हतंस, हे त्यानं आल्या-आल्या सांगितलं. पूनमनं केलेले लाडू घेऊन आला होता. चप्पल काढून जोत्यावर चढला, सगळ्या खोल्यांतून फिरला, मग मजूर नाही म्हणून घमेली घेऊन स्वतः माती भरू लागला. "मामा, पांढुर्ण्यात असं काम कराले सांगन कोन मले?" दुपारी झाडाखाली बसल्यावर प्रणालीचा विषय निघाला. तो खूप हसला. हसत हसत जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. ते त्याचं आहे. सांगायचं झालं तर तोच तुला सांगेल. एवढंच लिहितो की त्याच्या मनात प्रणालीबद्दल काडीएवढाही राग नाही, आणि कधी नव्हता.

पंचफुला म्हणाली, "हेच लिहून टाका बाईले, आज झगडा मिटते." मिटला असता. पण मग तुझ्याच पोराकडून तू हरली असतीस.

प्रणालीला चौकटीची गोष्ट कोणी सांगितली माहीत नाही, आईनंच सांगितली असणार. तिचा फोन आला. "बाबा, मी जाते पांढुर्ण्याला. चुकलं म्हणते. दोन शब्द तं हाये, काय झिजते त्यानं?"

मी म्हटलं, "तुझं झिजत नसन. माझं झिजते."

"मंग घर?"

"घर होईन."

तिच्या मागं कोणत्या तरी पेशंटची घंटी वाजत होती. मग म्हणाली, "जाते, बाबा. वॉर्डात बोलावून राहिले."

अक्षय्य तृतीयेला, तीस तारखेला मुहूर्त आहे. विनायकला मी तो दिवस दिला आहे, आणि आता मागं घेणार नाही. तू ये. अटीविना ये. तुझ्यासाठी साडी घेऊन ठेवली आहे, सौंसरच्या बाजारातून, पंचफुलानं रंग निवडला. तुला ठेवणीतल्यात हिरवी आवडते, म्हणून जांभळी घेतली. हिरव्या तुझ्याकडं खूप झाल्या असतील.

गुणवंता

१ मे २०२५

बाई,

काल दुपारच्या पांढुर्ण्याच्या गाडीपर्यंत वाट पाहिली. गाडी थांबली. कोणाची तरी सून उतरली, मग दोन म्हाताऱ्या उतरल्या. ड्रायव्हरनं मला रस्त्यावर उभं पाहिलं आणि विचारलं, "बसायचं हाये का?" मी हात हलवला. गाडी गेली.

परत आलो तेव्हा सगळे जोत्यावर होते. विनायक, त्याची दोन माणसं, वृषाली, पंचफुला. प्रणाली सुटी काढून आली होती. ताटात हळदीचं फडकं, नारळ, आंब्याची पानं. विनायक म्हणाला, "भाऊ, मुहूर्त सरून राहिला. कोनीबी बांधा बाप्पा, मले चौकट उभी करू द्या."

मी ताट उचललं आणि प्रणालीसमोर धरलं.

ती मागं सरली. "नाई, बाबा. आत्याची जागा हाये ते. माझ्यामुळं ते आली नाई, अन् मीच बांधू? लोक म्हणतीन, आत्याले हटवून हे उभी राह्यली."

"लोकं काय म्हणायचं ते म्हणतीन."

"आत्या काय म्हनन?"

 मी एवढंच म्हटलं की तू बांध, आत्याला काय सांगायचं ते मी सांगतो. म्हणून आज हे लिहितो.

विनायक कुरकुरला की आत्या असताना पोरीनं बांधलेलं त्यानं कुठं पाहिलं नाही. पंचफुला त्याला म्हणाली, "मिस्त्री, पायाचे पैसे ज्या पोरीचे चालले, तिचा हात नाई चालत का?"  त्यानं चौकट उभी केली, ओळंबा लावला, दोन्ही बाजूंनी लाकडी बल्ल्यांचे टेकू दिले. प्रणाली स्टुलावर चढली. फडकं तिनं असं काही घट्ट, आडवं-उभं फिरवून बांधलं, की विनायकच्या तोंडातून निघालंच, "नर्सबाई, चौकटीले कुठं लागलं का?" सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले, म्हणून ती स्टुलावरून लवकर उतरली नाही. वरच नारळाला हात लावून उभी राहिली.

आता साडीचं. बांधणाऱ्या बहिणीचा मान असतो तो. रात्रभर ती पिशवीत पडून होती. पंचफुला म्हणाली, ठेवा, बाई येतील तेव्हा देऊ. मलाही आधी तसंच वाटलं. मग वाटलं, पोरीला उभं करायचं आणि मान मागं ठेवायचा, म्हणजे पोरगी चुकली हे तुझं म्हणणं मी अर्धं कबूल करायचं. सकाळी आंघोळ करून, देवाला दिवा लावून, ती जांभळी साडी मी प्रणालीला दिली. ती आज हीच साडी नेसून नागपूरच्या गाडीत बसली. दवाखान्यात सगळ्यांना दाखवते म्हणाली.

तुला वाईट वाटेल. वाटलं तर मला शिव्या दे, फोनवर दे, भाऊजींच्या हातून फोन घेऊन दे. मी ऐकून घेईन. बाजूची लहान खोली आहे, पायऱ्या ठेंगण्या आहेत. तू कधीही आलीस तरी प्रणाली तुझ्या पाया पडेल, आणि तिला कोणी काही म्हणायला लावणार नाही. तूही लावणार नाहीस, एवढा माझा तुझ्यावर विश्वास आहे.

आज उजाडताच विनायक आला. चौकटीच्या दोन्ही अंगांना विटा लावायला घेतल्या, दुपारपर्यंत पाच थर चढवले. मग बल्ल्या काढल्या आणि चौकट धरून हलवून पाहिली. हलली नाही.

तुझा धाकटा,
गुणवंता